दहा खिडक्या, बारा खिडक्या

३० जानेवारीला सकाळी अकराला एक मिनिट कमी असताना, ज्या गावात सायरन अजून शाबूत आहे तिथे तो वाजू लागतो. अकराला थांबतो. लोक दोन मिनिटं उभे राहतात, आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी तो पुन्हा मिनिटभर वाजून सगळ्यांना मोकळं करतो. हुतात्मा दिनाच्या सरकारी परिपत्रकात ही वेळ अशी मिनिटामिनिटानं बांधून दिलेली असते. आमच्या गावी हे काम नगरपालिकेच्या गच्चीवरचं यंत्र करायचं. त्याला सायरन कुणीच म्हणत नसे, तो ‘भोंगा’.

शब्द गिरणीवरून आलेला, पण यंत्र ते नव्हे. लालबाग-परळच्या गिरण्यांचा भोंगा म्हणजे वाफेची शिट्टी. बॉयलरमधली वाफ एका अरुंद गोल फटीतून जोरात निघते, वर बसवलेल्या पितळी घंटेच्या कडेवर आपटते आणि घंटेच्या पोटातली हवा थरथरायला लागते. सूर किती उंच हे त्या पोटाच्या लांबीवर ठरतं, बासरीसारखंच. म्हणून गिरणीचा भोंगा एकाच सुरात रेटून वाजतो. सायरनला असं पोट नाही, पडदा नाही, तार नाही, जिभाळीही नाही. वाद्यांमध्ये जे जे थरथरतं त्यातलं काहीच त्याच्यात नाही.

हे मला कळलं ते नगरपालिकेच्या वायरमनकाकांमागे लोखंडी शिडी चढून गच्चीवर गेलो तेव्हा. गावभर ऐकू जाणाऱ्या आवाजामागे केवढा तरी कर्णा असेल अशी माझी कल्पना. वर पाहिलं तर पत्र्याची एक छत्री, छत्रीखाली मोटर आणि मोटरच्या दांड्यावर पिंपाच्या झाकणाएवढा एक बिडाचा डबा. डब्याच्या कडेला चौकोनी खिडक्या, आणि त्यातून वाकून बघितलं की आत आणखी एक डबा, त्यालाही तशाच खिडक्या. भोवती पाखरं शिरू नयेत म्हणून जाळी. डेझर्ट कूलरचा पंखा कुणीतरी चुकून गच्चीवर आणून ठेवलाय असं वाटलं.

ते वाटणं निम्मं बरोबर होतं. आतला डबा खरोखर कूलरच्या ब्लोअरसारखा पंखाच असतो. मोटर सुरू झाली की तो मधल्या भोकातून हवा ओढतो आणि आतल्या पात्यांच्या जोरावर ती कडेकडे भिरकावतो. कूलरमध्ये ही हवा सरळ बाहेर पडते आणि नुसती घरघर ऐकू येते. सायरनमध्ये फिरत्या डब्याभोवती एक स्थिर कडं असतं. आतली खिडकी बाहेरच्या खिडकीसमोर आली की हवेचा एक लोट सुटतो. पुढच्याच क्षणी आतली खिडकी बाहेरच्या भिंतीसमोर येते आणि लोट तुटतो. दोन्हींकडे दहा-दहा खिडक्या असतील तर त्या सगळ्या एकदम उघडतात आणि एकदम मिटतात, एका फेऱ्यात दहा वेळा. डबा सेकंदाला चाळीस फेरे मारत असेल तर हवेला सेकंदाला चारशे धक्के बसतात, आणि कानाला चारशे हर्ट्झचा सूर ऐकू येतो. पंखा आणि कात्री एकाच तुकड्यात ओतलेली. जुन्या सायरनचं सगळं यंत्रशास्त्र एवढंच. बाकी जे आहे ते ही कात्री किती धारदार आणि पंखा किती दमदार, याची लढाई.

कल्पना माणसांना घाबरवण्यासाठी निघालीच नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीला स्कॉटलंडमधल्या जॉन रॉबिसन या भौतिकशास्त्रज्ञानं नळीतली हवा एका फिरत्या तोटीनं भराभर उघडबंद केली आणि त्यातून सूर निघाल्याचं नोंदवलं. १८१९ मध्ये शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकानं त्याचं नेटकं उपकरण केलं. एकावर एक दोन चकत्या, दोन्हींना वर्तुळात भोकं. खालची स्थिर, वरची फिरती. भोकं तिरकी पाडलेली आणि दोन चकत्यांतला तिरकेपणा उलट दिशांचा, त्यामुळे खालून येणारी हवाच वरची चकती फिरवते आणि तीच हवा कापलीही जाते. मोटरची गरज नाही. हे उपकरण पाण्यातही, हवेऐवजी पाण्याच्या झोतावर, गात असे, म्हणून त्यानं ग्रीक पुराणांतल्या समुद्रकन्यांचं नाव त्याला दिलं. खलाशांना गाऊन भुलवणाऱ्या आणि खडकांवर नेऊन आपटणाऱ्या त्या सायरन. पुढे हेच नाव ‘पळा, लपा’ सांगणाऱ्या यंत्राला चिकटलं, हा भाषेचा एक आडवा विनोद.

कान्यारच्या चकतीच्या दांड्याला फेरे मोजणारे काटे जोडलेले होते. उपकरणाची खरी किंमत त्या काट्यांत होती. तोवर एखादा सूर दुसऱ्यापेक्षा उंच आहे एवढं कानानं कळायचं. तो सेकंदाला किती कंपनांचा, हे सरळ मोजण्याचं सोपं साधन हाताशी नव्हतं. आता सायरनचा सूर समोरच्या वाद्याशी जुळवायचा, मिनिटभरात चकतीचे किती फेरे झाले ते काट्यावर वाचायचं, भोकांच्या संख्येनं गुणायचं आणि साठनं भागायचं. सूर म्हणजे मोजता येणारी संख्या आहे, हे दाखवणारं ते टेबलावरचं यंत्र होतं.

याच यंत्राची दुहेरी आवृत्ती हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या हाती आली. १८६३ साली निघालेल्या स्वरसंवेदनांवरच्या ग्रंथात तिचं सविस्तर वर्णन आहे. खालच्या चकतीवर भोकांच्या चार रांगा: ८, १०, १२ आणि १८. वरच्या चकतीवर ९, १२, १५ आणि १६. कुठल्याही दोन रांगा उघडायच्या आणि दोन सूर एकत्र ऐकायचे. दोन सूर एकमेकांत का मिसळतात, का खटकतात, आणि जवळजवळच्या कंपनांच्या झगड्यातून आवाजाला खरखरीतपणा कसा येतो, हे त्यानं त्यावर तपासलं. त्यातल्या १० आणि १२ या रांगा लक्षात ठेवा.

३ सप्टेंबर १९३९, रविवार. सकाळी सव्वाअकराला पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्ध सुरू झाल्याचं सांगितलं आणि काही मिनिटांतच लंडनवर सायरन गरजले. इशारा खोटा निघाला, पण तो आवाज एका पिढीच्या पोटात कायमचा जाऊन बसला. ब्रिटनच्या छपरांवर आणि खांबांवर चढवलेल्या या सायरनांची एक ठरावीक घडण होती. मोटर आडवी, तिचा दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि दोन्ही टोकांना एकेक खिडक्यांचा डबा. एका डब्याला १० खिडक्या, दुसऱ्याला १२.

त्या देशात वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारी दोन ध्रुवांची साधी मोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या जवळ जाते. भार असल्यानं थोडी मागे राहते, समजा २,८००. म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ फेरे. दहा खिडक्यांतून ४६७ हर्ट्झ, बारा खिडक्यांतून ५६०. प्रमाण पाचास सहा. आपल्या भाषेत सांगायचं तर एका टोकाला षड्ज, दुसऱ्या टोकाला कोमल गंधार. लंडनवर बॉम्बवर्षावाच्या रात्री जे रडं उठायचं ते सा आणि कोमल ग यांचं एकत्र रडं होतं. दोन सुरांमधलं अंतर ९३ हर्ट्झचं. त्या अंतराची गुरगुर तिसऱ्या, खालच्या सुरासारखी मागे ऐकू येते, आणि आवाजाला जो दाणेदार खडबडीतपणा येतो तो तिथून.

दोन सूर केवळ भेसूर वाटावं म्हणून नसतात. शहरात एका सुराचे बरेच आवाज फिरत असतात: मोटारींचे हॉर्न, आगगाडीची शिटी, कारखान्यांचे भोंगे. जोडसूर त्यांच्यात मिसळत नाही. शिवाय भिंतींवरून परतलेला आवाज सरळ आलेल्या आवाजाला काही ठिकाणी मारून टाकतो. पण जिथे एक सूर मरतो तिथे दुसरा बहुधा जिवंत असतो. अमेरिकेतल्या काही सायरनांना ९ आणि १२ खिडक्या असत, तीनास चार, म्हणजे सा आणि शुद्ध मध्यम. तो आवाज मोकळा, जरा लष्करी बिगुलाच्या वळणाचा. जर्मनीनं मात्र एकाच सुरावर भागवलं. तिथल्या ‘ई-५७’ या छत्रीवाल्या सायरनला ९ खिडक्या, २,८०० फेरे; हिशेब बरोब्बर ४२० हर्ट्झ. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, तिथे तशीच मोटर मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास फिरते. तेच ओतीव चाक समुद्रापार नेऊन तिथल्या विजेवर फिरवलं तर सूर दीड-दोन स्वर चढेल. सायरनची पट्टी वीज कंपनीनं ठरवलेली असते.

आता त्या रडण्याकडे येऊ. खालून वर चढणारा आणि पुन्हा कोसळणारा तो आवाज सायरनची ओळख झाला आहे. पण मुळात ती निव्वळ चाकाच्या वजनाची गोष्ट आहे. बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा जड डबा क्षणात पूर्ण वेगात येऊ शकत नाही. बटण दाबल्यावर तो काही सेकंद वेग घेत राहतो, आणि जितके फेरे तितका सूर, म्हणून सूर चढत जातो. बटण सोडलं की जडत्वावर फिरत फिरत उतरतो. कुठल्याही गायकाची मींड याच्यापुढे फिकी, कारण इथे एकही पायरी नाही. वेग जसा सलग बदलतो तसा सूरही सलग. आणि १० व १२ खिडक्यांचे डबे एकाच दांड्यावर घट्ट बसवलेले असल्यानं सा कुठेही सरकला तरी कोमल गंधार पाचास सहाचं नातं न सोडता त्याच्याबरोबर सरकतो. तळापासून माथ्यापर्यंत, दोन गळ्यांची एकच मींड.

मोटरचा हा आळस नकोसा दोष मानता आला असता. त्याचीच खूण करून घेतली. ब्रिटनमध्ये चढता-उतरता आवाज म्हणजे विमानं येताहेत, सलग एकसुरी आवाज म्हणजे गेली. चालवणाऱ्याला नवं काही यंत्र लागलं नाही. वीज चालू-बंद, चालू-बंद करत राहिलं की धोका, चालूच ठेवली की सुटका. अर्धझोपेतल्या माणसालाही यात चूक करणं अवघड. मात्र आवाज उतरताना सूर खाली येतो आणि जोर त्याहून झपाट्यानं ओसरतो, कारण पंख्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: वेग निम्मा झाला तर सूर एक सप्तक खाली, आणि दाब चौथा हिस्सा. म्हणून बटण वेळेवर पुन्हा दाबलं नाही तर सायरन दूरच्या वस्तीला मध्येच गप्प झाल्यासारखा वाटतो. बऱ्यापैकी ‘वाजवणारा’ हात लागायचा तो यासाठी.

कात्रीची धार म्हणजे दोन डब्यांमधली फट. ती मोठी राहिली तर खिडक्या मिटलेल्या असतानाही हवा गळत राहते, धक्के बोथट होतात आणि सायरन घसा बसल्यासारखा वाजतो. फट फारच बारीक ठेवली तर उन्हानं किंवा मोटरच्या तापानं धातू फुगतो आणि डबा कडेला घासतो. थंड देशांत त्या फटीत बर्फ गोठून डबा जागीच अडकायचा. आपल्याकडे गंज आणि गांधीलमाशांचं घरटं ही कामं चोख बजावतात. खिडक्यांचा आकारही बोलतो. कान्यारच्या गोल भोकांवर भोक सरकलं की वाट आधी हळू, मग भराभर उघडते, आणि सूर मऊ येतो. चौकोनी खिडक्यांच्या सरळ कडा एकमेकींना सुरीसारख्या ओलांडतात, धक्का तुटक होतो, मूळ सुरावर वरच्या सुरांची दाट झालर चढते. इशाऱ्याच्या सायरनला हीच झालर हवी असते.

पंख्याचा दम वाढवण्याच्या बाबतीत अमेरिकेनं सगळ्यांना मागे टाकलं, आणि थोडं ताळतंत्रही सोडलं. दुसऱ्या महायुद्धात बेल प्रयोगशाळा आणि क्रायस्लर मोटर कंपनी यांनी मिळून एक सायरन केला, त्याला १४० अश्वशक्तीचं आठ सिलिंडरचं इंजिन. शीतयुद्धात, १९५२ पासून, क्रायस्लरनं त्याची पुढची आवृत्ती काढली: १८० अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन, तेच जे त्यांच्या आलिशान गाड्यांत असे. लांबी सुमारे १२ फूट, वजन जवळजवळ ३ टन, सहा चौकोनी कर्णे, आणि १०० फुटांवर १३८ डेसिबल. इथे पंखा आणि कात्री वेगळी केली होती. इंजिन आधी काँप्रेसर फिरवून हवा दाबायचं आणि ती दाबलेली हवा फिरत्या चाकातून कापली जाऊन कर्ण्यांत शिरायची. पेट्रोलवर चालत असल्यानं शहराची वीज गेली तरी तो वाजणार, हा खरा शहाणपणाचा भाग. पण गच्चीवर तीन टनांचं यंत्र, त्याची बॅटरी, पेट्रोल, थंड पाणी आणि वर्षानुवर्षं न येणाऱ्या हल्ल्याची वाट पाहत त्याची देखभाल, हे नगरपालिकांना कुठवर झेपणार? काही वर्षांतच उत्पादन थांबलं.

१९५२ मध्येच बाजारात आलेला फेडरल कंपनीचा ‘थंडरबोल्ट’ मला जास्त हुशार वाटतो. त्यात तीन कामं तीन मोटरींना वाटून दिली. खाली ब्लोअर, तो नुसती हवा दाबून नळातून वर पाठवणार. वर छोट्या मोटरीवरची कात्री, ती नुसती हवा कापणार. आणि तिसरी मोटर कर्ण्याला संथपणे चहूकडे फिरवत राहणार. साध्या सायरनमध्ये सूर उतरला की दम गेलाच. इथे कात्री हळू झाली तरी ब्लोअर पूर्ण ताकदीनं फुंकत असतो. आणि सगळी ताकद चहूदिशांना सांडण्याऐवजी एका कर्ण्यातून झोतासारखी जाते. ऐकणाऱ्याला आवाज जवळ येतोय, दूर जातोय असा भास होतो, तो या फिरणाऱ्या तोंडामुळे.

कर्णा आवाज निर्माण करत नाही, तो सोपवतो. खिडकीच्या तोंडाशी हवा घट्ट दाबलेली आणि जागा चिंचोळी. बाहेर अथांग सैल हवा. घट्ट हवेनं सैल हवेला एकदम ढकललं तर बरीचशी ताकद तिथेच परत फिरते. कर्णा हळूहळू रुंद होत ही देवघेव घडवून आणतो. ४२० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ८२ सेंटिमीटर; कर्ण्याचं तोंड तिच्या मापाच्या जवळपास असावं लागतं. सूर आणखी खालचा घेतला तर तो लांब जाईल, पण कर्णा आणि चाक दोन्ही अवाढव्य होतील. वरचा घेतला तर यंत्र आटोपशीर, पण हवा आणि झाडंझुडपं त्याला वाटेत पिऊन टाकतात. चारशे ते सहाशेच्या मधली तडजोड देशोदेशी पुन्हा पुन्हा दिसते ती म्हणून.

आणि एवढं करूनही हवा ऐकतेच असं नाही. १८७३ च्या उन्हाळ्यात भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी डोव्हरजवळच्या साऊथ फोरलँडच्या कड्यावर धुक्यातल्या जहाजांसाठी तोफा, शिट्ट्या, तुताऱ्या आणि अमेरिकेहून आणलेला वाफेचा सायरन यांची परीक्षा घेतली. सायरनच्या चकत्यांना बारा-बारा चिरा, मिनिटाला २,४०० फेरे, पुढे साडेसोळा फुटी कर्णा. एकंदरीत सायरनच सरस ठरला. पण टिंडलना चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीनं: स्वच्छ, निवांत, उन्हाच्या दिवशी आवाज दोन-तीन मैलांत विरून जायचा आणि दाट धुक्यात तोच कितीतरी दूर पोचायचा. तापलेल्या जमिनीवरची हवा आवाजाला वर वाकवते, रात्रीची थंड हवा खाली. दुपारी शेजारच्या गल्लीत न ऐकू आलेला भोंगा पहाटे शेजारच्या गावात ऐकू येतो, त्यात वाजवणाऱ्याची चूक नसते.

७ मे २०२५ रोजी देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव झाला तेव्हा अनेक वर्षांनी या आवाजाची चर्चा झाली. आता नवे बसतात ते बहुतेक इलेक्ट्रॉनिक: ॲम्प्लिफायर, कर्ण्यांची उतरंड आणि बॅटरी. ते बोलूही शकतात, ‘नदीपात्रापासून दूर जा’ असं सांगू शकतात, आणि त्यांना तेलपाणी लागत नाही. व्यवहारानं पाहिलं तर तेच योग्य. पण त्यांचा सूर ऐका. आत फिरणारं काहीच नाही, क्षणात हव्या त्या सुराला पोचता येतं, तरी तो तळापासून सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. नसलेल्या जड चाकाचं जडत्व त्यात मुद्दाम भरलेलं असतं. नाहीतर लोकांना तो सायरन वाटणार नाही.

वायरमनकाका कानात कापसाचे बोळे घालून बटण दाबत. मलाही दोन बोळे मिळाले होते. वीज तोडल्यावर आवाज उतरत उतरत आधी म्हशीच्या हंबरण्याएवढा झाला, मग नुसती घरघर, मग सूर म्हणता येणार नाही असं काहीतरी. तेव्हा त्यांनी मला जाळीजवळ ओढलं आणि खिडकीसमोर तळवा धरायला सांगितला. हवेच्या झुळका एकेक करून हाताला लागत होत्या. थोड्या वेळानं त्या मोजता येऊ लागल्या. मी दहापर्यंत मोजलं, डब्यावरचा खडूचा ठिपका तेवढ्यात एकदा समोरून गेला. मग सहा, मग तीन. चाक थांबलं तेव्हा खिडकी अर्धी उघडी होती.